पुढारी पारखावा कसा?

बाजारात बैल घ्यायला गेलो, तर आपण नुसते शिंगांवरचे रंग बघत नाही. त्याचे दात बघतो, खांदा बघतो, त्याला चालवून बघतो. मग पुढारी निवडताना नुसते भाषण ऐकून कसे चालेल?

चांगल्या दिवसांत सगळेच पुढारी चांगले दिसतात. खरा पुढारी कळतो तो वाईट दिवसांत. असे वाईट दिवस १९२९ सालापासून आले. आधी मंदी आली आणि तिच्यामागून महायुद्ध. त्या काळातले दोन पुढारी आज आपण पारखून पाहू. एक आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचे, दुसरे दूर अमेरिकेतले.

मंदी म्हणजे काय?

१९२९ साली अमेरिकेतला मोठा शेअर बाजार कोसळला. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. लोकांच्या हातात पैसा राहिला नाही. माल पडून राहिला आणि भाव उतरले. ही लाट सगळ्या जगभर पसरली. आपल्याकडे शेतमालाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला.

तुम्ही म्हणाल, भाव उतरला तर बरेच झाले की! पण जरा हिशेब करा. समजा, एका शेतकऱ्याला सावकाराचे २० रुपये देणे होते. आधी १० मण भात विकले की ते फिटत. भाव निम्म्यावर आला, तेव्हा त्याच २० रुपयांसाठी २० मण भात विकावे लागले. कर्जाचा आकडा तोच राहिला, शेतकऱ्याचे ओझे मात्र दुप्पट झाले. मंदी अशी गुपचूप घरात शिरते.

खोत आणि कूळ

तेव्हा रायगड जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. इथे खोती चालत असे. खोत गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून खंड वसूल करी. कूळ म्हणजे दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा. घाम कुळाचा, पण निम्मे पीक खोताच्या खळ्यात जाई. वर वेठबिगार असे. जमिनीवर कुळाचा कायम हक्क नव्हता. खोताची मर्जी फिरली की जमीन गेली.

अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात तर कष्ट आणखी जास्त. खाडीचे खारे पाणी अडवायला बांध घालावा लागतो. दर वर्षी तो राखावा लागतो. बांध फुटला की शेत नासले. एवढे करून शेतकऱ्याच्या घरात काय उरत असे? पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा कर्ज!

चरीचा संप

नारायण नागू पाटील हे याच भागातले. लोक त्यांना आप्पासाहेब म्हणत. त्यांनी कुळांना एकत्र केले. भाई अनंत चित्रे त्यांच्या जोडीला होते.

१९३३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात चरी गावात सभा झाली. ठराव झाला : जोवर न्याय मिळत नाही, तोवर खोताची जमीन कसायची नाही. चरी आणि आसपासची अशी २५ गावे संपावर गेली.

गिरणी कामगाराचा संप आपण ऐकतो. पण शेतकऱ्याने संप करायचा म्हणजे स्वतःचीच चूल विझवायची! शेते ओसाड पडली. सरकारने सभांवर बंदी घातली. लोकांनी रानातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे धरले, मिळेल ती मजुरी केली. एक वर्ष गेले, दोन गेली. संप सहा वर्षे चालला.

१९३४ सालच्या डिसेंबरात चरीलाच शेतकरी परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. आप्पासाहेब आगरी समाजातले. चित्रे आणि बाबासाहेब वेगवेगळ्या समाजांतले. पण कुळांचे दुःख सगळ्यांनी आपले मानले. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करण्याचे बिल मांडले. ते मंजूर झाले नाही. १९३८ सालच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईला कायदेमंडळावर मोर्चा घेऊन गेले.

१९३७ सालीच आप्पासाहेबांनी 'कृषीवल' हे पत्र सुरू केले. शेतकऱ्याची बाजू शेतकऱ्याला कळली पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

शेवटी १९३९ साली संप मिटला. त्याच साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला.

अमेरिकेत काय झाले?

आता अमेरिकेकडे वळू. चरीचा संप झाला त्याच साली, म्हणजे १९३३ साली, फ्रँकलिन रूझवेल्ट तिथले राष्ट्राध्यक्ष झाले. आजारामुळे त्यांचे पाय गेले होते. आधाराशिवाय त्यांना चालता येत नसे. दर चार कामगारांमागे सुमारे एक बेकार होता. रूझवेल्ट रेडिओवरून लोकांशी घरच्यासारखे बोलत. त्यांनी बँका सावरल्या, बेकारांना सरकारी कामे दिली. १९३५ साली म्हाताऱ्यांसाठी पेन्शनचा कायदा केला.

पिकांचा भाव वाढावा म्हणून त्यांच्या सरकारने आणखी एक गोष्ट केली. थोडी जमीन पडीक ठेवा, आम्ही पैसे देतो, असे शेतकऱ्यांना सांगितले. पाहा कशी गंमत आहे! तिकडे जमीन पडीक ठेवायला सरकार पैसे देत होते. इकडे चरीच्या कुळांनी जमीन पडीक ठेवली, तेव्हा त्यांच्या पदरी उपास आले.

पण अमेरिकेतल्या कुळांचे काय झाले? पैसे गेले जमिनीच्या मालकांकडे. जमीन पडीक, मग कूळ कशाला हवे? पुष्कळ मालकांनी कुळांना घालवून दिले. भाव वाढला, पण गरीब कूळ उघड्यावर आले.

मग लढाई आली

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. अमेरिका १९४१ साली त्यात उतरली. रूझवेल्टनी देशाला लढाईसाठी उभे केले. कारखाने रात्रंदिवस चालू लागले आणि बेकारी हटली. पण १९४२ साली त्यांच्याच हुकुमाने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्यांतले बरेच जण अमेरिकेचेच नागरिक होते. हा डाग पुसला जात नाही. १९४५ साली, लढाई संपण्याआधीच, ते वारले.

आपल्याकडे लढाईच्या प्रश्नावरून १९३९ साली मुंबईचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेले. कुळांचा कायदा लढाईच्या वर्षांत थोड्याच जिल्ह्यांत लागू झाला. सगळ्या इलाख्यात तो लागू व्हायला १९४६ साल उजाडले. पुढे १९४८ साली नवा कूळ कायदा आला. १९४९ साली खोती बंद करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरू लागले.

तीन प्रश्न

आता दोघांना पारखू. त्यासाठी तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : पुढारी लोकांना बरोबर घेतो का? रूझवेल्ट रेडिओवरून बोलले. आप्पासाहेबांनी गावोगाव सभा घेतल्या, पत्र काढले. इथे दोघेही उतरले.

दुसरा प्रश्न : ओझे कुणाच्या डोक्यावर पडते? रूझवेल्टच्या राज्यात गरीब कुळावर आणि परक्या वंशाच्या माणसावर पडले. चरीत ते उपाशी बायकापोरांवर पडले. पण चरीच्या लोकांनी ठराव करून ते स्वतः उचलले होते. दुसऱ्याने लादले नव्हते. हा फरक लहान नाही.

तिसरा प्रश्न : पुढारी गेल्यावर मागे काय उरते? अमेरिकेत पेन्शनचा कायदा आजही चालू आहे. आपल्याकडे कुळाचे नाव जमिनीला लागले. मात्र ज्याचे नाव कुठेच लागले नव्हते, त्या कातकऱ्याला आणि शेतमजुराला फारसे काही मिळाले नाही. तेवढे काम अपुरे राहिले.

तेव्हा पुढारी देव नसतो. त्याच्या पाया पडायचे नाही आणि एका चुकीसाठी त्याचे सगळे काम मातीतही घालायचे नाही. दोन्ही पारडी बघायची.

आज अलिबागच्या किनाऱ्यावर बंगल्यांसाठी जमिनी विकल्या जातात. विकायची की ठेवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण सही करण्याआधी आपला सातबारा स्वतः वाचावा. त्यावरचे नाव सहा वर्षे उपास काढून मिळालेले आहे. आता तर तुम्हांला वाचता येते!

विचार करा आणि सांगा

१. भाव उतरला की कर्जदाराचे ओझे का वाढते?
२. चरीच्या लोकांनी सहा वर्षे काय सोसले?
३. तुमच्या गावच्या पुढाऱ्याला वरचे तीन प्रश्न लावून पाहा. काय दिसते?

नवे शब्द

खंड – जमीन कसण्याबद्दल मालकाला द्यायचे धान्य किंवा पैसे.
सारा – जमिनीबद्दल सरकारला द्यायचा कर.
वेठबिगार – मजुरी न देता सक्तीने करून घेतलेले काम.
कायदेमंडळ – कायदे करणारी सभा.