पॅड बांधून बसलेला मुलगा

मुलांनो, खेळाच्या तासाची घंटा झाली की आपण दप्तर आवरायलासुद्धा थांबत नाही. चित्रकलेच्या तासाला तर वर्गात केवढा गलका असतो! पण परीक्षा जवळ आली की पहिली गदा येते ती याच दोन तासांवर. "आता खेळ पुरे, गणितं सोडवा," असं घरीही ऐकावं लागतं. गणिते सोडवायलाच हवीत, त्याबद्दल दुमत नाही. पण खेळात आणि कलेत गेलेला वेळ फुकट जातो, हे खरे आहे का? हे पाहण्यासाठी आज आपण मुंबईला जाऊ या.

मुंबई आपल्याला तशी परकी नाही. गावातल्या पुष्कळ घरांतले आजोबा, चुलते परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला होते. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पण चाळीतल्या गोष्टी अजून घरोघर निघतात. दहा बाय दहाची खोली आणि आत आठ-दहा माणसे. मग मुलांनी खेळायचे कुठे? चाळीच्या गॅलरीत, गल्लीत, आणि जरा मोठी झाली की दादरच्या शिवाजी पार्कवर नाहीतर आझाद मैदानावर. तिथे एकाच मैदानात एका वेळी कितीतरी सामने चालू असतात. एका सामन्याचा चेंडू दुसऱ्या सामन्यात जातो, पण खेळ थांबत नाही.

६६४ धावांची भागी

दादरला शारदाश्रम विद्यामंदिर ही शाळा आहे. रमाकांत आचरेकर सर तिथल्या मुलांना क्रिकेट शिकवीत. सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या शाळेत होता. खेळाची सोय व्हावी म्हणून सरांच्या सांगण्यावरून तो शारदाश्रमात आला. सरावाच्या शेवटी मुलगा दमला की सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला ते नाणे. कोणीच बाद करू शकले नाही, तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. रुपयाची किंमत ती काय! पण दमल्यावरही लक्ष ढळू द्यायचे नाही, हा धडा त्या रुपयात होता.

१९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना आझाद मैदानावर झाला. ही स्पर्धा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. शारदाश्रमाचे दोन गडी बाद झाले आणि सचिन व विनोद कांबळी यांची जोडी जमली. दोघांनी बाद न होता ६६४ धावांची भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.

पण त्या दिवशी मैदानाच्या कडेला आणखी एक मुलगा बसला होता. वय वर्षे तेरा. नाव अमोल मुजुमदार. पुढचा गडी बाद झाला की त्यालाच खेळायला जायचे होते. म्हणून पॅड बांधून तो तयार बसला. पहिला दिवस संपला, गडी काही बाद होईना. दुसऱ्या दिवशीही तीच जोडी. शेवटी डाव घोषित झाला आणि अमोलला पॅड तसेच सोडावे लागले. दोघा मित्रांचे नाव सगळीकडे गाजले आणि अमोलला एक चेंडूही खेळायला मिळाला नाही.

तुम्ही असता तर काय केले असते? पुष्कळांनी बॅट कोपऱ्यात टाकली असती. अमोलने तसे केले नाही. सहा वर्षांनी, १९९४ साली, मुंबईकडून रणजी करंडकाच्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा काढल्या. पुढे प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांच्या अकरा हजारांवर धावा झाल्या. २००६-०७ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. तरीही भारताच्या संघात त्यांना एकदाही खेळायला मिळाले नाही. म्हणजे पुन्हा पॅड बांधून बसणेच की!

तरी त्यांनी मैदान सोडले नाही. २०२३ साली ते भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. स्वतः न खेळलेल्या सामन्यातला आनंद कसा घ्यायचा, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? शाळेत लागलेली गोडी अशी टिकते. ती बक्षिसावर अवलंबून नसते. बक्षीस एकाला मिळते, गोडी मात्र सर्वांना लागू शकते.

शाळेचे सभागृह झाले नाट्यगृह

आता कलेकडे वळू या. त्याच दादरला, स्टेशनजवळ, छबिलदास हायस्कूल आहे. सुलभा देशपांडे या तिथे शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांसाठी नाटके हवीत म्हणून त्यांनी विजय तेंडुलकर या लेखकांना गाठले. म्हणजे पाहा, एक बाई मुलांच्या नाटकासाठी धडपडू लागल्या आणि त्यातून त्या स्वतःही मोठ्या रंगभूमीवर पोचल्या. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातली त्यांची बेणारेबाई आजही जाणकार विसरलेले नाहीत.

१९७१ साली त्यांनी, पती अरविंद देशपांडे यांनी आणि सोबत्यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली. नाटक करायला जागा हवी, पण मोठ्या थिएटरचे भाडे परवडणार कसे? तेव्हा १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहातच प्रयोग होऊ लागले. ना भारी पडदे, ना मोठा रंगमंच. पण तिथून इतकी नवी नाटके आली की लोक त्याला 'छबिलदास चळवळ' म्हणू लागले. याच संस्थेच्या 'चंद्रशाळा' या बालविभागाने 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य बसवले. एका वेळची मुले मोठी झाली की त्यांच्या जागी नवी मुले येत. त्यांतली काही पुढे नट-नट्या झाली. बाकीची आपापल्या नोकरी-धंद्याला लागली. पण चार लोकांसमोर उभे राहून स्पष्ट बोलण्याची सवय कुठे जाते होय?

एक खांब पुरतो

कोणी म्हणेल, "हे सगळं मुंबईत जमतं, आपल्याकडे साधनं कुठं आहेत?" त्यांनी शिवाजी पार्कचे समर्थ व्यायाम मंदिर आठवावे. काळे गुरुजींनी ते १९२५ साली सुरू केले. तिथली ओळख कशाची? मल्लखांबाची. जमिनीत पुरलेला एक लाकडी खांब, त्याला थोडे एरंडेल, नाहीतर वरून सोडलेली एक दोरी, एवढेच साहित्य. तिथे वर्षानुवर्षे शिकवणारे उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर भरली, तेव्हा परदेशातले खेळाडू तिथे आले होते. २०२४ साली देशपांडे सरांना पद्मश्री जाहीर झाली.

मुंबईच्या मुलांना जागा नाही म्हणून ती गॅलरीत खेळतात. आपल्याकडे खळे आहे, देवळापुढचे पटांगण आहे, नदीकाठची वाळू आणि माती आहे. मातीचे बैल आपण बेंदराला, पोळ्याला करतोच. तीच आपली शिल्पकला! विहिरीत लहानपणी शिकलेले पोहणे म्हातारपणीही विसरत नाही. लहान वयात हाताला, पायाला, गळ्याला लागलेले वळण तसेच पक्के बसते.

ध्यानात काय ठेवायचे?

वरच्या गोष्टींत तीन बाबी सारख्या आहेत :

१. ठरलेला वेळ. रोज थोडा, पण चुकवायचा नाही.
२. पाहणारे माणूस. आचरेकर सर, सुलभाताई, काळे गुरुजी. कोणीतरी लक्ष देऊन पाहतेय म्हटले की मुलाला हुरूप येतो.
३. थोडी जागा. ती मोठी नसली तरी चालते, पण मुलांची हवी.

पालकबंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही हे भित्तिपत्रक वाचायला थांबलात, याचा आनंद वाटतो. एक विनंती आहे. मुलगा खेळून घरी आला की "जिंकलास का?" एवढेच विचारू नका, "आज काय नवीन जमलं?" असेही विचारा. मुलगी चित्र काढत बसली असेल, तर पाण्याची कळशी उचलायला तिलाच हाक मारू नका, एखादे दिवशी भावालाही पाठवा. आणि परीक्षेच्या महिन्यातसुद्धा दिवसाकाठी अर्धा तास त्यांचा त्यांना द्या.

मुलांनो, आता तुम्ही एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, "तुम्ही लहानपणी काय खेळत होता? कोणतं गाणं म्हणत होता?" ते सांगू लागले की त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. जे सांगतील ते वहीत लिहून आणा. पुढच्या अंकात ते याच फळ्यावर लावू.