नोकरी तेवढी शाबूत राहू द्या

“एवढी शिकलेली, टीम लीड, मग सहन का केलंस?” हा प्रश्न मला पुण्यात नात्यातल्यांनी विचारला, मैत्रिणींनी विचारला. पगार माझ्या नावावर होता हे खरं, पण तो जमा झाल्याचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर यायचा. कार्डही त्याच्याच पाकिटात. मला पेट्रोलपुरते पैसे मोजून मिळायचे आणि सुट्ट्या पैशांचासुद्धा हिशोब द्यावा लागायचा.

तो हात उचलायचा, पण खरा राग माझ्या नोकरीवर होता. क्लायंट कॉलच्या आदल्या रात्री लॅपटॉपचा चार्जर गायब. सकाळी निघताना भांडण, म्हणजे लेट मार्क ठरलेलाच. दिवसभर व्हिडिओ कॉल, “शेजारी कोण बसलंय दाखव.” अप्रेझलमध्ये शेरा आला, कामात लक्ष नाही.

एचआरकडे गेले. “हा तुमचा घरगुती मामला, कंपनी यात पडत नाही,” म्हणाले. त्याच कंपनीच्या रिसेप्शनवरून त्याला फोनवर सांगितलं जायचं, “मॅडम आत्ताच निघाल्या.” पडत नाही म्हणता म्हणता कंपनी पडलेलीच होती, त्याच्या बाजूने.

पुढे मॅनेजर बदलल्या. नव्या बाईंनी मला एकटीला बोलावून विचारलं, “कामाचं नंतर बघू. घरी सगळं ठीक आहे ना?” नवऱ्याला सोडायचं की नाही, हा विषय त्यांनी कधीच काढला नाही. पेरोल बंद व्हायच्या आत पगाराचं खातं बदलून दिलं. रिसेप्शन आणि गेटवर सांगून ठेवलं की माझ्याबद्दल कोणालाही काही सांगायचं नाही. कोर्टाच्या तारखांना रजा दिली, पण टीमच्या कॅलेंडरवर कारण येऊ दिलं नाही. माझं लग्न सावरायला त्या गेल्या नाहीत. नोकरी सावरली, आणि नोकरी राहिली म्हणूनच वेगळं घर भाड्याने घेता आलं.

म्हणून मॅनेजर मंडळींना सांगते. विचारायचं ते समोरासमोर विचारा. मेसेज, ईमेल नको, तिचा फोन कोण बघतं ते तुम्हाला माहीत नसतं. नवऱ्याला बोलावून समेट घडवायला तर मुळीच जाऊ नका. तिने न मागता सवलत म्हणून वर्क फ्रॉम होम देऊ नका. अशा बाईला ऑफिसचे आठ-नऊ तासच सुरक्षित असतात. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालची अंतर्गत समिती घरातल्या मारहाणीची तक्रार चालवू शकत नाही, पण कुठे जायचं ते तिथला एखादा सदस्य नक्की सांगू शकतो. न्यूझीलंडमध्ये 2019 पासून अशा कर्मचाऱ्यांना वर्षाला दहा दिवस पगारी रजा मिळते. आपल्याकडे कायदा तशी सक्ती करत नाही, पण कंपनीला स्वतःहून द्यायला कोणी अडवलेलं नाही.

आणि बायांनो, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. पगार काढून घेणं, नोकरीत अडथळे आणणं, सगळं अर्जात लिहा. नवऱ्याने तुमच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकू नये, असा संरक्षण आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. आदेशाची प्रत ऑफिसच्या सिक्युरिटीकडे द्या. तो मोडला तर गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पगार चांगला आहे म्हणून मोफत वकील मिळणार नाही असं समजू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट नाही. सल्ल्याला 181, जिवावर बेतलं तर 112. सॅलरी स्लिप, डॉक्टरांचे कागद, फोटो घरच्या कपाटात ठेवू नका, विश्वासातल्या कोणाकडे तरी द्या.

सहकाऱ्यांनाही वाट मोकळी आहे. हिंसा होतेय असं वाटण्याला कारण असेल तर कोणीही 2005 च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कायदा जबाबदारी टाकत नाही.

यासाठी मोठं धोरण लिहून होईपर्यंत थांबायची गरज नाही. एचआर, पेरोल आणि सिक्युरिटी यांना एका टेबलावर बसवा. खातं कोण बदलणार, गेटवर काय सांगायचं, रजेचं कारण कुठे लिहायचं नाही, एवढं ठरवा आणि कोणाकडे जायचं त्या माणसाचं नाव सगळ्यांना कळवा. अशी बाई तुमच्याकडे आज नाही असं समजू नका. ती असेल, आणि आपण बोलल्यावर काय होईल याचा अंदाज घेत असेल.