नाबालाच्या घरातली अबीगईल



आजचे वाचन: 1 शमुवेल 25:2–38
सोबत वाचा: नीतिसूत्रे 22:24–25 आणि 26:4–5, मत्तय 18:15–22, रोम 12:18

आज आधी एक कबुली देते, मग वचनाकडे वळू.

दोन वर्षांपूर्वी शुक्रवारच्या प्रार्थनासभेनंतर एक बहीण चपला घालता घालता माझ्याजवळ थांबली. तिच्या परवानगीने लिहिते आहे, नाव लिहीत नाही. सासऱ्यांविषयी बोलत होती. दूधवाल्याशी भांडण, सोसायटीत टँकरच्या वर्गणीवरून भांडण, खालच्या मजल्यावरच्यांशी पार्किंगवरून भांडण. आणि दिवस कुठेही सुरू झाला तरी संध्याकाळी सगळ्याचा दोष हिच्याच डोक्यावर. नवरा मान खाली घालून मोबाईल बघत बसतो. ती म्हणाली, "ताई, त्यायले काही सांगाले गेलं की आपल्याच अंगावर येते. मी काय करू?"

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "सहन कर. गप्प राहा. प्रार्थना कर. प्रीती सगळं जिंकते."

तिने मान हलवली. पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं तब्येत बरी नसेल. खरं कारण मला फार उशिरा कळलं. तिला वाटलं की देवाच्या घरातही तिच्यासाठी "गप्प बस" हेच उत्तर आहे.

तेव्हापासून हा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचते.

नाबाल कसा होता?

माओन गावचा मोठा माणूस. तीन हजार मेंढरं, एक हजार शेरडं. कर्मेलात लोकर कातरण्याचा हंगाम, म्हणजे सणासारखे दिवस. दावीद आपल्या माणसांसह रानात होता आणि त्याच्या लोकांनी नाबालाच्या मेंढपाळांना सांभाळलं होतं. त्याने दहा तरुण पाठवले, आधी शांतीचा निरोप दिला, मग नम्रपणे काही खायला मागितलं. नाबालाने काय केलं? नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने दावीदाची लायकीच काढली, मालकापासून पळालेल्या नोकरांच्या ओळीत त्याला बसवलं.

मागणी छोटी, उत्तर अपमानाचं. आणि या एका उत्तराने चारशे माणसांच्या कमरेला तरवारी लागल्या.

पण मला सगळ्यात जास्त थांबवतं ते 17 वं वचन. एक चाकर अबीगईलकडे धावत येतो आणि सांगतो की आपल्या धन्याशी कोणाला बोलताच येत नाही. त्या घराचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. धन, गुरंढोरं, नोकरचाकर सगळं आहे, पण घरच्या मुख्य माणसाला कोणी काही सांगू शकत नाही.

बिल एडी नावाचे एक अमेरिकन वकील आहेत, त्यांनी आधी समुपदेशनाचंही काम केलेलं आहे. सतत संघर्षात राहणाऱ्या माणसांवर त्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. ते चार खुणा सांगतात. एक, दोष नेहमी दुसऱ्याचा, आणि बहुतेक वेळा ठरलेल्या एकाच माणसाचा. दोन, सगळं काळं नाही तर पांढरं, मधलं काही नाही. तीन, भावनांवर ताबा नाही. चार, इतर माणसं जे करणार नाहीत अशा टोकाला जाणं. अशा माणसाला भांडण मिटवायचं नसतं. एक मिटलं की दुसरं उभं राहतं, कारण भांडणाचा विषय हे खरं कारण नसतंच. त्या बहिणीच्या घरी टँकरचे पैसे भरले असते तर पार्किंग होतं, पार्किंग सुटलं असतं तर दूध होतं.

पण प्रत्येक तापट माणूस नाबाल नसतो

इथे घाई करू नका. आपल्या नागपूरशी जोडलेलं एक उदाहरण घेते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्याआधी काही काळ नागपुरात होते, बुटींच्या आश्रयाने काम करत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत 1893 मध्ये त्यांची एका मिशनरीशी गाठ पडली आणि हातात पवित्र शास्त्र आलं, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी मंडळीत ऐकली आहे. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना तो मोठा धक्का होता. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, मधली वर्षं त्या झगडत राहिल्या.

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं त्यांना माहीत आहे की टिळकांचा स्वभाव किती तापट होता. क्षणात भडकणार, तडकाफडकी काहीतरी ठरवणार, घरात पैसा टिकू देणार नाहीत. तरी त्यांना नाबाल म्हणता येत नाही. कारण राग उतरला की ते विरघळायचे. ते स्वतःकडे बघू शकत होते, बदलू शकत होते. जातीपातीचा अभिमान बाळगणाऱ्या घरात जन्मलेला माणूस पुढे किती बदलला, हे आपल्याला ठाऊकच आहे.

फरक इथे आहे. रागीट माणूस पेटतो आणि विझल्यावर म्हणतो, "माझं चुकलं." नाबाल विझल्यावरही म्हणतो, "तुझ्यामुळे पेटलो."

आणखी एक गोष्ट लक्ष्मीबाईंकडून शिकण्यासारखी आहे. त्यांनी घरातलं काहीच झाकलं नाही. सोवळ्यापायी मीठ-साखरसुद्धा धुवायला लावणारे वडील असोत की तापट नवरा, सगळं सांगितलं. पण त्यात विष नाही, हसू आहे. खरं सांगणं आणि कडू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पुस्तकाइतकं मला कुठल्या प्रवचनाने शिकवलं नाही. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे याच बाईंनी पूर्ण केलं.

अबीगईलने काय केलं?

आता परत माओनला जाऊ. पाहा, अबीगईल गप्प बसली नाही. आणि भांडलीही नाही.

*1. तिने नाबालाला सुधारायला वेळ घालवला नाही.* तरवारी निघालेल्या असताना ती नवऱ्याला समजवायला गेली नाही. शास्त्र स्पष्ट सांगतं की ती निघाली तेव्हा तिने त्याला कळवलंच नाही. आधी घर वाचवायचं होतं. आपली अर्धी शक्ती समोरच्याला "तुमचा स्वभावच असा आहे" हे पटवण्यात जाते. ते कधीच पटत नाही, उलट नवं भांडण मिळतं. हा लेख वाचून कृपा करून कोणी घरात जाऊन "तुम्ही नाबाल आहात" असं म्हणू नका!

*2. तिने खरं सांगितलं, पण योग्य माणसाला.* दावीदासमोर तिने नवऱ्याच्या मूर्खपणावर पांघरूण घातलं नाही. आपण मंडळीत काय करतो? "घरची गोष्ट घरात." मत्तय 18 मध्ये सत्तर वेळा सात क्षमेची गोष्ट आहे, ती आपल्याला पाठ असते. पण त्याच अध्यायात, त्याच्या आधी, प्रभूने पायऱ्या दिल्या आहेत: एकट्याने जाऊन सांगा, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्या, मग मंडळीला सांगा. क्षमा करणं म्हणजे तोंड शिवून घेणं नव्हे. मी त्या बहिणीला अध्यायाचा शेवट सांगितला आणि सुरुवात गाळली.

*3. तिने वेळ निवडली.* ती परत आली तेव्हा नाबाल मेजवानीत बसला होता, दारू पिऊन तर्र. तिने सकाळपर्यंत कमीजास्त एक शब्द काढला नाही. दारू उतरल्यावर सगळं सांगितलं. रात्री अकरा वाजता, आवाज चढलेला असताना, पाहुण्यांसमोर दिलेलं कितीही खरं उत्तर वाया जातं.

*4. तिने मोजकं बोलून मोकळी झाली.* नाबालाशी तिचा वाद लिहिलेला नाही. तिने फक्त जे घडलं ते सांगितलं. बिल एडी उत्तर देण्याची चार मापं सांगतात: थोडक्यात, माहितीपुरतं, सौजन्याने आणि ठामपणे. आपल्या भाषेत सांगायचं तर, "टँकरचे पैसे कोणी दिले नाहीत, सगळे चोर आहेत" अशी आरडाओरड झाली की मागच्या पाच वर्षांचा हिशेब काढू नका. "बाबा, पाच तारखेला पैसे दिले. पावती टेबलावर ठेवली आहे. चहा ठेवते." बस. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही हेच. लांब उत्तर म्हणजे पेटत्या शेगडीत लाकूड.

मग प्रश्न येतो: उत्तर द्यावं की देऊच नये? नीतिसूत्रे 26 मध्ये चौथं आणि पाचवं वचन शेजारी शेजारी आहेत आणि उलट बोलतात. एक म्हणतं मूर्खाला त्याच्या तऱ्हेने उत्तर देऊ नको, दुसरं म्हणतं दे. लहानपणी मला वाटायचं की इथे काही छपाईची चूक आहे! चूक नाही. उत्तर दिल्याने मी त्याच्यासारखी होणार असेन तर गप्प राहायचं. गप्प राहिल्याने खोटंच खरं ठरणार असेल तर बोलायचं. कोणती वेळ कोणती, हे ओळखण्याची बुद्धी रोज गुडघ्यावर मागायची.

दावीदाकडेही बघा

या अध्यायात मला खरी भीती वाटते ती दावीदाची. नाबाल तर जसा होता तसाच होता. पण दावीद? आदल्याच अध्यायात त्याने गुहेत शौलाला जिवंत सोडलं होतं. इतका मोठा मनाचा माणूस एका कडू उत्तराने इतका पेटला की नाबालाच्या घरातले निरपराध पुरुषही कापायला निघाला. अबीगईल वाटेत आडवी आली नसती तर त्या दिवशी दोन नाबाल झाले असते.

नीतिसूत्रे 22 मध्ये रागीट माणसाच्या संगतीविषयी जो इशारा आहे तो हाच: त्याच्या वाटा आपण शिकून घेतो. भांडखोर माणसाबरोबर राहणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं किंवा झोपेचं नाही. हळूहळू आपला आवाज त्याच्यासारखा होतो, आणि आपण तो आवाज आपल्या लेकरांवर काढतो.

म्हणून पौल रोम 12 मध्ये सगळ्यांशी शांतीने राहायला सांगताना आपल्या आवाक्याची अट घालतो. शांतीचा माझा वाटा माझ्याकडे आहे. समोरच्याचा वाटा त्याच्याकडे. तो मी उचलू शकत नाही आणि देव माझ्याकडून त्याचा हिशेब मागणार नाही.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट सांगते. घरात हात उगारला जात असेल, धमक्या येत असतील, तर तो स्वभावाचा प्रश्न राहत नाही. तिथे सहनशीलतेचं वचन कोणी सांगत असेल तर ऐकू नका. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक आहेत. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. विश्वासातल्या माणसाला सांगा आणि आधी सुरक्षित जागी जा. अबीगईलनेही आधी जीव वाचवले.

पुढे काय झालं

गेल्या महिन्यात बेसा चौकात भाजी घेताना ती बहीण भेटली. मी तिथेच, वांग्याच्या ढिगाजवळ, तिची माफी मागितली. ती हसली. म्हणाली की नवऱ्याशी सविस्तर बोलली, मोठ्या नणंदेला सगळं सांगितलं, पैशाचं आता सगळं वहीत लिहून ठेवते. आवाज चढला की "मामाजी, सकाळी बोलू" म्हणते आणि लेकराला घेऊन गच्चीवर जाते.

मी विचारलं, "सुधारले का ते?"

"नाही ताई. मामाजी तसेच आहेत. पण मी तशी होता होता वाचली."

प्रियांनो, नाबालाच्या घरात हाच विजय असतो. आणि अबीगईलच्या देवाला तो छोटा वाटत नाही.

आज स्वतःला विचारा

• माझ्या आयुष्यात कोणाचा स्वभाव बदलण्याचं ओझं मी उगाच वाहते आहे का?
• मी कोणाला "गप्प बस, प्रार्थना कर" सांगून घरी पाठवलं आहे का?
• आणि सगळ्यात कठीण: माझ्या घरातलं सगळ्यात लहान माणूस मला माझी चूक सांगू शकतं का? की माझ्याशीही कोणाला बोलता येत नाही?

प्रार्थना

हे प्रभू, तू शांतीचा राजा आहेस. ज्यांच्या घरात रोज भांडण आहे त्या प्रत्येक बहिणीला आणि भावाला आज अबीगईलची बुद्धी दे. कधी बोलावं, कधी थांबावं, कोणाला सांगावं हे दाखव. आमच्या जिभेवर आणि मनावर पहारा ठेव, म्हणजे दुसऱ्याची आग आमच्या घरात पेटणार नाही. जे कोणाचं ऐकत नाहीत त्यांच्या हृदयाशी तूच बोल. आणि मी चुकीचा सल्ला दिला असेल तिथे मला क्षमा कर, झालेली जखम भर. येशूच्या नावाने मागते. आमेन.