शेतकऱ्याची बंदूक : शिस्त व शिष्टाचार

पिकाच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आमच्या वाचकवर्गात आहेत. परवान्यासाठी कोणत्या कचेरीत किती खेटे घालावे लागतात हे त्यांस पक्के ठाऊक असते. परंतु बंदूक हाती असता चार माणसांत कसे वागावे, हे त्यांस बहुधा कोणी पद्धतशीर शिकविलेले नसते. वडील जशी धरीत तशी मुलगा धरतो. वडिलांचे वागणे चांगले असले तर ठीक. नसले तर तोच दोष घरात वारशाने चालतो. म्हणून या विषयाचा थोड्या विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

आरंभी कायद्याची मर्यादा सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार या देशात बंदच झाली. हिवाळ्यात भातखाचरांत उतरणारा पाणलावा, खाडीतील बदक, माळावरचा ससा, यांपैकी कशावरही आता मौजेखातर बार टाकता येत नाही. रानडुक्कर उभ्या पिकाचा नाश करीत असेल, तर त्या कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे वनखात्याचा अधिकृत अंमलदार लेखी परवानगी देऊ शकतो. तशी परवानगी नसता मारणे हा गुन्हाच होय. आपल्यापाशी असतो तो परवाना बंदुकीचा, जनावराचा नव्हे, हा भेद पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. नुकसान झाले असता वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करण्याची सोय आहे, ती आधी वापरावी.

परवानगी मिळाली तरी खरी जोखीम पुढेच आहे. पालघर जिल्हा २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. तेथे मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात २०२५ च्या जानेवारीअखेर काही गावकरी रानडुकराच्या पारधीस गेले. झाडीतील हालचाल डुकराची समजून त्यांच्यातीलच एकाने बार टाकला आणि बरोबरचा मनुष्य प्राणास मुकला. भीतीने बाकीच्यांनी गोष्ट लपविली. कित्येक दिवसांनी प्रेत सापडले आणि पुढे अटका झाल्या. येथे नेम बरोबर लागला, हीच खेदाची गोष्ट. दोन घटका डुकराची वाट पाहत बसलेल्या मनुष्यास सुक्या पाचोळ्याचा प्रत्येक आवाज डुकराचाच वाटतो. मनात जे आहे ते डोळा पाहतो. यास्तव आवाजावर, हालचालीवर किंवा विजेरीच्या उजेडात चमकणाऱ्या डोळ्यांवर कधीही बार टाकू नये. डोळे गाईचे आणि कुत्र्याचेही चमकतात. जनावर डोक्यापासून शेपटीपर्यंत ओळखू आले पाहिजे, आणि त्याच्या पाठीमागे काय आहे हेही दिसले पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी दिसत नसेल तर चापापासून बोट दूर ठेवावे. डुक्कर आज गेले तर उद्या येईल.

पाठीमागे काय आहे, हा प्रश्न आमच्या बाजूस किती बिकट झाला आहे हे कोपरच्या उदाहरणाने समजेल. दिवा व डोंबिवली यांच्यामधील हे स्थानक; वरून दिवा–वसई मार्ग जातो, खालून मध्य रेल्वेच्या गाड्या अहोरात्र धावतात. एका अंगास उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या अंगास इमारतींची गर्दी. बारा बोराच्या बंदुकीचा परिणामकारक पल्ला पस्तीस-चाळीस यार्डांचा, असे जो तो सांगतो, व ते खरेही आहे. परंतु छर्रा तेथे थांबत नाही. बारीक साडेसात नंबरचा छर्रा वर रोखून सोडल्यास सुमारे दोनशे यार्ड जातो, आणि डुकरासाठी वापरतात तो मोठा छर्रा सातशे यार्डांपर्यंत जाऊ शकतो. अशा वस्तीत कोणत्या दिशेने सातशे यार्ड मोकळे मिळतील? जेथे रूळ, रस्ता किंवा इमारत दिसते, तेथे बंदूक न भरणे हाच उत्तम नेम होय. पाण्यावर किंवा खडकावर आपटलेला छर्रा उसळून भलत्याच बाजूस जातो, म्हणून खाडीचे पात्रही सुरक्षित समजू नये.

ज्यांस नेमबाजीचा शौक आहे त्यांच्यासाठी मातीच्या थाळीचा खेळ आहे. पूर्वी युरोपात जिवंत कबुतरे सोडून त्यांवर नेम धरीत. १९०० साली पॅरिस येथे तशी स्पर्धाही झाली. अमेरिकेत जॉर्ज लिगोव्स्की याने १८८० च्या सुमारास मातीची थाळी काढली आणि पाखरांचा जीव वाचला. आजची थाळी नावाची मातीची. ती डांबर व चुनखडीची भुकटी यांची असते, व्यास ११० मिलिमीटर, वजन सुमारे १०५ ग्रॅम. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत या खेळात रौप्यपदक मिळविले, आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये. दिल्लीस तुघलकाबाद येथे कर्णीसिंहांच्या नावाचे मैदान आहे.

त्या मैदानावरची शिस्त आम्हांस पदकांहून अधिक मोलाची वाटते. तेथे येणारा प्रत्येक जण, मग तो नवशिका असो की विजेता, बंदूक मधोमध मोडून, उघडी, हातावर टाकून चालतो. रिकामी आहे असे तोंडाने सांगावे लागत नाही. ते दुरून दिसते. आपल्या जागेवर उभे राहिल्यावाचून काडतूस घालावयाचे नाही, पाळी येईतो बंदूक मिटावयाची नाही, आणि ती रिकामी केल्यावाचून जागेवरून वळावयाचे नाही. पंचाने थांबा म्हणताच सर्वांनी बंदुका उघडावयाच्या. कारण विचारावयाचे ते मागाहून. दुसऱ्याची बंदूक न विचारता उचलू नये, तो नेम धरीत असता बोलू नये, आणि त्याने विचारल्यावाचून त्यास शिकवू नये. यास तेथे शिष्टाचार म्हणतात. परंतु बारकाईने पाहता यांतील बहुतेक नियम कोणाचा तरी जीव राखण्यासाठी झालेले आहेत. गावच्या बांधावर हेच नियम का पाळू नयेत? बांध ओलांडताना, होडीत चढताना, कुंपणाखालून जाताना बंदूक रिकामी करून आधी सोबत्याच्या हाती द्यावी. देणाऱ्याने उघडून दाखवावी. घेणाऱ्याने पुन्हा पाहावी. त्यात अविश्वास नाही. जो रागावेल त्याच्याबरोबर पुन्हा जाऊ नये.

रांगेत उभे राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी. ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेतील टेक्सास प्रांतात त्या देशाचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी लाव्यांच्या शिकारीत होते. उडालेल्या पाखरामागे नळी फिरवीत त्यांनी बार टाकला. त्या बाजूने रांगेकडे परत येणारे त्यांचे ७८ वर्षांचे सोबती हॅरी व्हिटिंग्टन यांच्या तोंडावर, मानेवर व छातीवर छर्रे बसले. ते सुदैवाने वाचले. माणूस तोच, बंदूक उत्तम, दिवस उजेडाचा. तरी हे घडले, कारण पाखरामागे जाणारी नळी कोठे थांबवावी हे आधी ठरविलेले नव्हते. राखणीस तिघे बसणार असतील तर प्रत्येकाची जागा व नळीची डावी-उजवी हद्द उजेड असतानाच झाड किंवा खांब दाखवून ठरवावी, आणि हाक दिल्यावाचून कोणी जागा सोडू नये.

आता खुद्द बंदुकीविषयी. भातशेतीत पाय घसरला की नळीचे तोंड चिखलात रुतते, आणि तोंडात बोटभर चिखल असता बार टाकला तर नळी फाटते. पडल्यावर प्रत्येक वेळी काडतूस काढून नळीतून उजेड पाहावा. पावसाळ्यात ओल धरलेल्या काडतुसाचा आवाज फुसका आला, तर आतील बूच नळीत अडकून राहिलेले असू शकते. तेव्हाही तसेच करावे. चाप ओढूनही बार झालाच नाही, तर नळी मोकळ्या बाजूस धरून अर्धा मिनिट थांबावे, मग उघडावे. घरात दोन बोराच्या बंदुका असतील तर सर्वांत मोठा धोका काडतुसांच्या सरमिसळीचा. वीस बोराचे काडतूस बारा बोराच्या बंदुकीत घातले तर ते पुढे सरकून नळीत अडकते. नळी रिकामी समजून मागे बारा बोराचे घातले की हाताशीच स्फोट होतो. वीस बोराची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी. खिशात एकाच बोराची काडतुसे असावीत.

ठासणीच्या बंदुकीस १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी निराळे स्थान दिले आहे, पण तिची खोडही निराळी. एकदा भरली की ती सहज रिकामी होत नाही. म्हणून लोक ती भरलेलीच खुंटीस टांगतात. हे अत्यंत वाईट. शेतावरून निघताना सुरक्षित जागी बार मोकळा करावा. ते शक्य नसेल तर केप काढून निराळ्या डबीत ठेवावी व बंदूक भरलेली आहे अशी खूण बांधून ती कुलपात ठेवावी. विसरून दुहेरी भरली जाऊ नये म्हणून गजावर दोन खुणा कोराव्या, एक रिकाम्या नळीची व एक भरलेल्या नळीची; गज आत टाकताच कळते. दारूची शिंगी थेट नळीला लावून ओतू नये. आत विस्तव राहिला असेल तर शिंगीच हातात उडेल. दारू मापाने ओतावी.

लग्नात, हळदीत वा शर्यतीत हवेत बार काढण्याची रीत बंद झाली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेफिकीर बारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मांडवात बंदूक आणणाऱ्या पाहुण्यास यजमानाने दारातच नम्रपणे पण ठामपणे अडवावे.

घरी बंदूक एका कुलपात व काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत, आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत. निवडणुकीच्या दिवसांत बंदूक ठाण्यात जमा होते व महिन्या-दोन महिन्यांनी परत मिळते. मधल्या काळात ती किती हातांतून गेली हे आपणांस कळत नाही. ती परत घेताना तेथेच, शिपायासमक्ष, नळी मोकळ्या जमिनीकडे धरून उघडावी, दोन्ही नळ्यांतून उजेड पाहावा आणि मग पावतीवर सही करावी.