‘आफ्रिकन मिक्स’ घेण्याआधी

माशांच्या दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड’ अशी चिठ्ठी लावलेली टाकी दिसली की मी आधी विचारते, आफ्रिकेतले कुठले? मलावी सरोवरातले, टांगानिका सरोवरातले की नायजेरियातल्या नद्या-ओढ्यांतले? तिन्ही ठिकाणच्या माशांना लागणारं पाणी वेगळं, स्वभाव वेगळा, टाकीची मांडणीही वेगळी. उत्तर मिळालं नाही तर मासा कितीही देखणा असो, मी घेत नाही आणि बरोबर आलेल्यालाही घेऊ देत नाही.

आमच्या दोन फुटी टाकीसाठी मला लहान राहणारे मासे हवे होते. “ड्वार्फ आफ्रिकन आहेत, दोन इंचांवर जात नाहीत,” असं सांगून दुकानातून फिकट निळ्या अंगावर गडद उभे पट्टे असलेली पिलं मिळाली. काही महिन्यांनी त्यांतलं एक पिवळं पडायला लागलं. आजारी आहे की काय, अशी धास्ती वाटली, पण खायला सगळ्यांत पुढे तेच. बघता बघता त्याने अख्खी टाकी ताब्यात घेतली. इतरांचे पर फाटले, काही फिल्टरमागे अंग चोरून बसू लागले, काही दगावले. ते मलावीतले केनयी होते. या जातीची सगळी पिलं निळी असतात. मादी निळीच राहते, नर मात्र वयात आला की सोनेरी पिवळा होतो. पाच इंचांच्या आसपास वाढतो आणि भांडखोर मलावी माशांतही त्याचा नंबर वरचा. दुकानदाराचं म्हणणं एवढंच, “ताई, माल मिक्सच येतो.”

तो नर ओळखीतल्या एकांच्या मोठ्या टाकीत गेला. त्याआधी “तलावात सोडून दे” हा सल्लाही मिळाला होता. तो कुणीही, कधीही ऐकू नये. चिलापी हासुद्धा आफ्रिकेतला सिक्लिडच. १९५२ साली तो मत्स्यपालनासाठी भारतात आणला गेला. आता आपल्या तळ्यांत आणि धरणांत तो किती पसरलाय, हे तिथे जाळं टाकणाऱ्यांना विचारा.

केनयीच्या अनुभवावरून सांगते, ओळख पटवताना पिलाच्या रंगावर विसंबू नका. पट्टे उभे की आडवे, डोक्यावर पोहोचतात की नाही, पाठीच्या परावर काळी रेघ आहे का, हे बघा. मलावीतल्याच यलो लॅब या जातीचे नर-मादी दोघंही पिवळे आणि पाठीच्या परावर ठळक काळी पट्टी. सावलोसीची पिलंही पिवळीच असतात, पण त्यांच्या परावर ती पट्टी नसते आणि नर पुढे निळे होतात. पिवळ्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत आडव्या काळ्या रेघा असतील तर तो बहुधा ऑराटस. लहान टाकीत तो नकोच. शक्य असेल तर पिलांचे आईबाप दाखवायला सांगा. पैदास करणारा माणूस ते आनंदाने दाखवतो.

दोन फुटी टाकीत आफ्रिकन सिक्लिडच हवे असतील, तर माझं मन टांगानिकाच्या शंखवासी माशांकडे झुकतं. त्यातही निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, म्हणजे ‘मल्टी’. नर दोन इंचांच्या आत, मादी त्याहून लहान. जगातल्या सर्वांत छोट्या सिक्लिडांत ते मोडतात. सिमिलिस ही जात अगदी तशीच दिसते, फक्त तिचे पट्टे डोक्यावर डोळ्यापर्यंत येतात, मल्टीचे कल्ल्यांच्या मागेच थांबतात. सरोवराच्या तळाशी पडलेल्या निओथॉमा गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत ते राहतात आणि तिथेच अंडी घालतात. आपल्याकडे भातखाचरातल्या गोगलगायींचे रिकामे शंख छान चालतात, उकळून स्वच्छ करून घ्यावेत. माशांपेक्षा शंख जास्त हवेत आणि खाली दोन इंच तरी बारीक वाळू हवी, खडी नको. हे मासे तोंडाने वाळू उपसून शंख हवा तसा पुरून घेतात. साफसफाईला हात घातला तर बोटावरसुद्धा चालून येतात! पिलं थोडी मोठी झाली तरी त्यांना हाकलत नाहीत, सगळं गोकुळ एकत्र नांदतं. मला हे बघण्याइतकं सुख दुसऱ्या कुठल्या टाकीत मिळालेलं नाही.

त्यांना पाणी जड आणि अल्कलीयुक्त लागतं, पीएच साडेआठच्या आसपास. मुंबईचं तानसा-भातसाचं पाणी मृदू असतं, बोअरचं बरेचदा जड. अंदाज नको, टेस्ट किट घ्या. मृदू पाण्यासाठी फिल्टरमध्ये प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवा, पीएच हळूहळू वर येतो. औषध ओतून एका दिवसात चढवू नका. आणि एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगतात. पीएच जितका जास्त, तितका अमोनिया माशांना अधिक विषारी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो, आणि फिल्टरमधले जिवाणू तो संपवतात. हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे सोडू नयेत, अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच आणावेत. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावं, पालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन काढून.

मृदू पाण्याशी झगडायचं नसेल तर नायजेरियातला क्रिबेन्सिस घ्या. नर चार इंचांपर्यंत, मादी आखूड आणि गुबगुबीत, विणीच्या काळात तिचं पोट चेरीसारखं लालभडक होतं. नारळाची करवंटी भोक पाडून पालथी ठेवली की जोडी तिला घर मानते. पिलांना दोघं मिळून सांभाळतात, तेव्हा तळाशी राहणारे दुसरे मासे त्या टाकीत ठेवू नयेत. या जातीत पाण्याच्या पीएचवर पिलांमधलं नर-माद्यांचं प्रमाणसुद्धा बदलतं.

आणि ज्यांच्या घरी ‘मिक्स’ आधीच आलंय, त्यांनी माशाचा एका बाजूने स्वच्छ फोटो काढून जाणकाराला दाखवावा. ओळख पटेपर्यंत त्यात नवा मासा घालू नये. मलावीतल्या अनेक जातींचा आपसात संकर होतो. अशा टाकीत पिलं झाली तर ती यलो लॅब किंवा सावलोसी म्हणून कुणालाही देऊ नयेत, विकत तर नाहीच.