पावती हाती, पण मूळ धन कोठे?

भैरवगढच्या आसपासचे शेतकरी सोयाबीन निघाल्यावर भाव बरा येईपर्यंत काही वेळा माल गोदामात ठेवतात व पावती घेतात. २००७ च्या गोदाम कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या गोदामाची पावती दाखवून बँकेचे कर्ज मिळू शकते. माल एकीकडे राहतो आणि पावती कामाला येते. हे ध्यानात ठेवा, म्हणजे मोबाईलवर ज्याच्या जाहिराती दिसतात ते ‘लिक्विड स्टेकिंग’ समजेल.

इथेरियम या आभासी चलनाचे व्यवहार १५ सप्टेंबर २०२२ पासून तारण ठेवणारे लोक तपासतात. स्वतः तपासनीस होण्यासाठी किमान ३२ ईथर अडकवावे लागतात. त्याबद्दल मोबदला मिळतो. लबाडी केल्यास तारणातून कापले जाते. एवढे ईथर नसलेले लोक लिडो किंवा रॉकेट पूल यांसारख्या सेवेकडे थोडे ईथर देतात. सेवा त्याबदली पावतीवजा टोकन देते आणि ते बाजारात विकता येते.

अडचण येथेच आहे. जून २०२२ मध्ये लिडोचे टोकन ईथरपेक्षा सुमारे पाच टक्के स्वस्त विकले जात होते, कारण मूळ ईथर सोडवण्याची सोयच तेव्हा नव्हती. इथेरियमने ती १२ एप्रिल २०२३ रोजी दिली. मधल्या काळात ज्यांना पैशांची निकड होती, त्यांना तोटा सोसून पावती विकावी लागली.

एक गणित करू. समजा, १००० रुपयांचे ईथर ठेवले, ईथरचा भाव स्थिर राहिला आणि वर्षाला ३ टक्के मोबदला मिळाला. त्या ३० रुपयांतून सेवेने १० टक्के, म्हणजे ३ रुपये घेतले. उरले १०२७. पावती पाच टक्के कमी भावाने विकली, तर हाती ९७५ रुपये ६५ पैसे येतात. वर्षाची कमाई गेली आणि मुद्दलही घटले!

म्हणून सेवा निवडताना मोबदल्याचा आकडा शेवटी पाहावा. आधी हे विचारावे:

१. मूळ ईथर परत मिळण्यास किती दिवस लागतात?
२. पूर्वी पावतीचा भाव किती घसरला होता?
३. सेवा आपला हिस्सा किती घेते?
४. तिच्या संगणकीय प्रणालीची तपासणी कोणी केली, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे?
५. तपासनीस अनेक आहेत की थोडेच?

पालकांसाठी दोन शब्द. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो. येथे तसा विमा नाही. आभासी चलनाच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. फीचे वा औषधपाण्याचे पैसे अशा ठिकाणी अडकवू नयेत.

स्वाध्याय : वरील उदाहरणात पावती दोन टक्के कमी भावाने विकली, तर किती रुपये मिळतील? उत्तर काढून घरी समजावून सांगा.