रेड पाहिली, घर पाहिलं नाही

पोळा झाला की रामाकोना-सौसर पट्ट्यात कबड्डीच्या खुल्या सामन्यांचे दिवस येतात. चाळलेली माती अंथरून पाणी मारलेलं, चुन्याच्या रेषा, बांबूंना टांगलेले हॅलोजन आणि भोंग्यावरून अर्धी मराठी, अर्धी हिंदी कॉमेंट्री. काही वर्षांपूर्वी अशाच एका सामन्याला नागपूरच्या एका महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक उभे होते. मूळचे रामाकोन्याचे. गावात त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात.

बारावीतला एक पोरगा चढाईला गेला. उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, डावा हवेत. तेवढ्यात कोपऱ्यातला गडी घोट्यासाठी झेपावला. पोरानं त्याच्या खांद्यावर हात मारला, अंग पिळलं आणि मधली रेषा गाठली. एका चढाईत दोन गुण, आणि परत येताना चेहऱ्यावर काहीच नाही, जणू विहिरीवरून पाणी भरून आला. सरांनी त्याच रात्री ठरवलं की पुढच्या जूनमध्ये हा पोरगा आपल्या कॉलेजात असेल.

“चूक तिथंच सुरू झाली,” सर सांगतात. “मी त्याची रेड पाहिली. त्याचं घर पाहिलं नाही.”

घरी ते गेले नव्हते असं नाही. गेले, चहा घेतला, अंगणातल्या बाजेवर बसले. वडिलांची थोडी संत्र्याची झाडं आणि बाकी कापूस. त्यांनी एकच विचारलं, “खर्च किती येते सर?” सरांनी उत्तर दिलं, “फीचं टेन्शन घेऊ नका, स्कॉलरशिप मिळते. राहायचं मी पाहतो.” वडील म्हणाले, “तुमी म्हणता त हाव.” बोलणं एवढंच झालं. ज्या स्कॉलरशिपच्या भरवशावर सर बोलले, ती त्या पोराला मिळणार की नाही हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

रामाकोन्याचा माणूस बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला नागपूरला जातो. घरात मराठी, सोयरीक विदर्भात. जुन्या मध्यप्रांताची राजधानीच नागपूर होती. पण 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि रामाकोना-सौसर ज्यात होतं तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, सौसर तालुका त्यात आला, तरी राज्याची सीमा जिथं होती तिथंच आहे. बसमध्ये ती जाणवत नाही. प्रवेशाच्या खिडकीवर जाणवते.

पोराचा जातीचा दाखला मध्य प्रदेशचा, रहिवासही तिथलाच. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरतात आणि तिथं महाराष्ट्राचा अधिवास लागतो. एका राज्यातला दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणाला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 1990 मध्येच सांगितलेलं आहे. तो खटलाही योगायोगानं मूळच्या आंध्रातल्या आणि मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात प्रवेश मागणाऱ्या एका विद्यार्थ्याचाच होता. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती परराज्यात शिकतानाही मिळू शकते, पण ती मागायची आपल्या मूळ राज्याकडे. तिथलं पोर्टल वेगळं आणि कागदही वेगळे. सरांना हे कळलं ते ऑगस्ट महिन्यात, ऑफिसमधल्या बाबूनं अर्ज परत केला तेव्हा.

तोवर पोरगा रोज पहाटे मॅटवर येत होता. मातीवरचा खेळाडू मॅटवर आला की आधी बूट सोसायला शिकतो, मग पाय घसरवायला. पाच-सहा आठवड्यांत त्यानं दोन्ही आत्मसात केलं. इकडे फीची पहिली नोटीस आली, मग दुसरी. सरांनी एक हप्ता खिशातून भरला आणि ती गोष्ट पोराच्या घरी सांगितली नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या आणि त्याच आठवड्यात घरून फोन आला: कापूस फुटला, वेचायला माणूस नाही. पोरगा चार दिवसांसाठी म्हणून गेला. दिवाळी झाली तरी आला नाही. सर गेले तेव्हा तो बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला लागलेला होता. वडील अंगणातच होते. “सर, पोट्टं तुमच्या हवाली केलं होतं म्या,” एवढंच ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. सर म्हणतात, चढला असता तर बरं झालं असतं.

हा प्रश्न एका गावाचा किंवा एका खेळाचा नाही. अमेरिकेत शाळेतला फुटबॉलपटू कॉलेजात ओढून आणणं हा मोठा व्यवहार आहे, आणि तिथंही तोंडी आणि चोरून दिलेल्या वचनांनी घरं बुडाली आहेत. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात खेळाडूंना गुपचूप पैसे दिले जात होते. 1987 मध्ये त्यांच्या फुटबॉल संघाचा अख्खा हंगाम रद्द करण्यात आला, आणि 1988 मध्ये विद्यापीठानं स्वतःच संघ उतरवला नाही. मात्र त्याच देशात 1964 पासून 2024 पर्यंत एक करारपत्र चालत आलं. त्यावर खेळाडू सही करायचा, पालकही करायचे, आणि कॉलेज एका वर्षाची शिष्यवृत्ती लेखी कबूल करायचं. त्या पद्धतीत दोष नव्हते असं नाही. पण ‘मी पाहतो’ या दोन शब्दांवर कुणाचं वर्ष टांगलेलं नसायचं.

सर आता कागद आधी पाहतात आणि चढाई नंतर. जन्मतारखेपासून सुरुवात होते. शाळेत नाव घालताना कुणीतरी 1 जुलै लिहून टाकलेलं असतं, आधारवर दुसरी तारीख, मध्य प्रदेशच्या समग्र आयडीवर तिसरीच. विद्यापीठाच्या पात्रता फॉर्मवर या तिन्ही एकमेकींसमोर येतात. मध्य प्रदेश बोर्डाच्या मुलाला नागपूर विद्यापीठात मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते निकालानंतर लगेच मागायचं. आणि एक प्रश्न ते न चुकता विचारतात: खुल्या सामन्यात कधी दुसऱ्याच्या नावावर खेळलास का? सीमेवरच्या गावांत महाराष्ट्रातल्या सावनेरकडे एका नावानं आणि सौसरकडे दुसऱ्या नावानं खेळणारी पोरं असतात. बक्षिसाच्या रात्री ती हुशारी वाटते. पुढं तेच कुणी तक्रारीत लिहिलं तर सगळा संघ बाद होऊ शकतो.

खेळ पाहायची त्यांची रीतही बदलली. सब-ज्युनिअरचं मैदान 11 बाय 8 मीटर, पुरुषांचं 13 बाय 10. लहान मैदानावर ज्याचा हात सगळीकडे पोचतो, तो मोठ्यावर परतायच्या वाटेत सापडतो. म्हणून एका रात्रीच्या खेळावर ते काही ठरवत नाहीत. दोन-तीन सामने पाहतात, आणि पोरगा बाद होऊन बाहेर बसला असताना त्याच्यावर जास्त नजर ठेवतात. कबड्डीत बाद झालेले गडी ज्या क्रमानं गेले त्याच क्रमानं परत आत येतात. आपली पाळी येईपर्यंत जो आतल्यांना ओरडून सावध करत राहतो, तो वसतिगृहातही टिकतो, असा त्यांचा अनुभव.

मुलींच्या घरी प्रश्न वेगळे. फीच्या आधी मुक्कामाचा विषय निघतो. आजी विचारते, “रात्री गाडीत बाईमाणूस कोण राहते?” या प्रश्नाला तिथल्या तिथं नाव सांगता आलं पाहिजे, ‘व्यवस्था आहे’ म्हटलं की दार बंद होतं. सर आता सोबत महिला प्रशिक्षक घेऊनच जातात.

2014 च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि घरातलं बोलणंच बदललं. 2021 च्या लिलावात प्रदीप नरवालला 1 कोटी 65 लाख मिळाले, हे गावातल्या पोरांना आपल्या बारावीच्या टक्क्यांपेक्षा पक्कं पाठ असतं. स्वप्न पाहायला कुणाची हरकत नाही. मात्र त्याच वाटेवर ‘ट्रायल करून देतो, एवढे आणा’ म्हणणारी माणसंही उभी असतात. सर पालकांना स्पष्ट सांगतात की निवडीसाठी रोख मागणाऱ्याला चहाही पाजू नका. आणि लगेच हेही सांगतात की आपल्या कॉलेजच्या संघातून पोरगा लीगमध्ये जाईल असं ते स्वतःही कबूल करत नाहीत. ते फक्त तीन वर्षांची पदवी, रोजचा सराव आणि विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीची संधी, एवढंच कबूल करतात, आणि तेही प्राचार्यांच्या सहीच्या पत्रावर.

नागपूरला याच कामाचं एक मोठं उदाहरण आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतली मुलं पाहिली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. संस्थेला 2016 मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट बारसेंवरूनच आला. बारसेंनी संघासाठी मुलं शोधली नव्हती. मुलांसाठी खेळ शोधला होता. सरांना हा फरक फार उशिरा कळला, असं ते म्हणतात, आणि बोलताना मान खाली घालतात.

वेळेचं गणितही त्यांनी नव्यानं मांडलं आहे. कॉलेजची फी जून-जुलैत भरायची आणि त्याच पंधरवड्यात बियाणं-खतासाठी घरातला शेवटचा रुपया निघतो. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरनंतर तुटतात, तेव्हा पैसा येतो. म्हणून त्यांनी कॉलेजकडून खेळाडूंच्या फीचे हप्ते डिसेंबरपर्यंत लेखी वाढवून घेतले. वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून दोन दिवस पोरांना घरी सोडायचं, हे सरावाच्या वेळापत्रकातच लिहिलेलं असतं. इतर महाविद्यालयांतले तरुण क्रीडाशिक्षक सल्ला मागतात तेव्हा ते हाच कागद आधी पुढं करतात.

गेल्या मे महिन्यात ते पुन्हा रामाकोन्याला एका घरी बसले होते. पोरगा कव्हरला चांगला पकडतो असं ऐकून गेले होते, पण त्याचा खेळ अजून पाहिलेला नव्हता. आईनं देवघराच्या वरच्या फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली. आत दहावीची मार्कशीट, आधार, दाखला, समग्रचा कागद. सरांनी चष्मा लावला, चारही कागद बाजेवर ओळीनं मांडले आणि वडिलांच्या नावातली अक्षरं एकेक करून जुळवायला लागले. दुसऱ्या कागदावर एक वेलांटी चुकलेली होती. “ही आधी दुरुस्त करू,” ते म्हणाले. “मैदानावर संध्याकाळी जाऊ.”